‘खाली बस’ म्हणण्याआधीचा सेकंद

मे महिन्यातली दुपार. आमच्या इमारतीच्या जिन्यात चार-पाच मुलींचा ‘शाळा-शाळा’ रंगात आला होता. वरच्या पायरीवर बाई, खालच्या पायऱ्यांवर वर्ग. बाईंचं वय असेल सहा-सात. अंगावर आईच्या ओढणीची साडी, नाकावर काचा निघालेल्या जुन्या चष्म्याची फ्रेम, हातात पट्टी. दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, थोडं दिसतही होतं. अर्ध्या तासात बाईंनी एक अक्षर शिकवलं नाही. हजेरी मात्र दोनदा झाली. कठड्यावर पट्टी आपटून ‘शांऽऽत!’ झालं. मग प्रश्नोत्तरं. एका मुलीला बाईंनी मान किंचित पुढे काढून, आवाज मऊ करून विचारलं, ‘‘तू सांग बरं?’’ आणि थांबल्या. दुसरीकडे वळल्या तेव्हा मान ताठ, नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे. ‘‘तू? नाही ना येत? खाली बस.’’ ती बिचारी अजून पुरती उभीही राहिली नव्हती.

प्रश्न कुठला होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा प्रश्न नव्हताच.

या छोट्या बाईंच्या खऱ्या बाईंनी वर्षभरात बेरीज-वजाबाकी, जोडाक्षरं, पाळीव प्राणी असं काय काय शिकवलं असेल. त्यातलं काहीच जिन्यात आलं नव्हतं. आला होता तो मानेचा कोन, नजरेची उंची आणि कुणासाठी किती थांबायचं याचा हिशेब. हे टिपून घे, असं तिला कुणी सांगितलं असेल? गंमत अशी, की हाच हिशेब पकडायला मोठ्या माणसांना वर्गात टेपरेकॉर्डर लावावे लागले, सेकंद मोजावे लागले आणि एकदा तर चक्क एका घोड्याची साक्ष काढावी लागली.

तीन सेकंदांची करामत

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गातल्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या. त्यांना मोजायची होती ती शांतता. शिक्षकांनी प्रश्न विचारल्यापासून ते पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती वेळ जातो? उत्तर निघालं, सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक. नाहीतर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मूल बोलायचं थांबलं की त्यानंतरही तेवढीच घाई. मुलाने दम घ्यायला घेतलेला विराम शिक्षकांना उत्तराचा शेवट वाटतो.

मग रो यांनी शिक्षकांना सवय लावली, की किमान तीन सेकंद थांबा. एवढंच. पुस्तक तेच, प्रयोग तेच, मुलंही तीच. उत्तरं लांबली. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या घटली. मुलं एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागली, ‘असं का?’ म्हणून स्वतः प्रश्न विचारू लागली. एरवी तोंडही न उघडणाऱ्यांचे हात वर आले. आणि मग शिक्षकच बदलले. ज्यांच्याकडून काही अपेक्षाच ठेवायची नाही असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, त्या मुलांविषयीचं त्यांचं मत सुधारलं.

या ध्वनिफितींमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती. शिक्षकांनी वर्गातली पाच सर्वांत हुशार आणि पाच सर्वांत कच्ची मुलं सांगितली. त्या-त्या मुलांसाठी शिक्षक किती थांबले, ते मोजलं. हुशार मुलांच्या वाट्याला जवळपास दोन सेकंद आले होते. कच्च्या मुलांच्या वाट्याला एकाहूनही थोडा कमी. ज्याला जुळवाजुळव करायला वेळ लागतो, त्यालाच कमी वेळ. यात कुठल्याही शिक्षकाच्या मनात दुष्टावा नव्हता. मूल अडखळलं तर चारचौघांत त्याची फजिती नको, म्हणून बहुतेकदा शिक्षक पुढे जातात. त्या मुलाला मात्र ही दया दयेसारखी दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं, की आपल्यासाठी कुणी थांबत नाही.

घोड्याची साक्ष

आता तो घोडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहत होते. हाडाचे शिक्षक, त्यामुळे निवृत्तीनंतरही विद्यार्थी हवाच. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला गणित शिकवायला घेतलं, तेही कित्येक वर्षं चिकाटीने. हान्स खुराने जमिनीवर ठोके देऊन बेरीज करून दाखवी, अपूर्णांक सोडवी, तारीख सांगे. बघायला गर्दी लोटे आणि तिकीट नसे. १९०४ मध्ये तज्ज्ञांची एक समिती बसली. त्यांना कुठलीही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या तरुण अभ्यासकाने दोन साध्या गोष्टी करून पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकायचा. त्याला विचारणारा दिसत नसेल, तरीही चुकायचा. फुंग्स्टने घोड्यावरची नजर काढून माणसांवर लावली, तेव्हा उलगडा झाला. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत डोकं जरासं पुढे झुकवून खुराकडे बघतो. ठोके बरोबर आकड्यावर आले की त्याचं डोकं अगदी केसभर वर येतं. ते दिसलं की हान्स थांबे. घोड्याला गणित येत नव्हतं. त्याला गुरुजी येत होते.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. हे सगळं शोधून काढल्यावर, पक्कं माहीत असतानाही, फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती आवरणं जड गेलं. जे आपण करतो ते आपल्याला दिसत नाही, आणि दिसलं तरी सहजासहजी थांबवता येत नाही. ते वाचायला समोर घोडा असला तरी पुरतो. मग वर्षभर रोज पाच तास तोच चेहरा बघत बसणारी पन्नास मुलं त्यात काय काय वाचत असतील?

चिठ्ठ्या टाकून काढलेली हुशारी

हा प्रश्न रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञाला छळत होता. १९६३ मध्ये त्याने उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूह सोडवण्यात जन्मजात तरबेज आहेत. काहींना सांगितलं, तुमचे मठ्ठ आहेत. प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच. तरी ‘तरबेज’ उंदीर खरोखर चांगले धावले, कारण त्यांच्या माणसांनी त्यांना जास्त हळुवारपणे हाताळलं होतं. यावरच्या लेखात रोझेन्थालने सहज लिहिलं, की मुलांच्या बाबतीतही असं होत असेल का? कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लिनोर जेकबसन यांनी तो लेख वाचला आणि त्याला पत्र पाठवलं. करून बघायचं असेल तर माझी शाळा आहे!

१९६४ मध्ये त्या शाळेत मुलांची एक चाचणी घेतली गेली. चाचणी साधी बुद्धिमापनाची, पण तिला हार्वर्डचं भारदस्त नाव दिलेलं. पुढचं शालेय वर्ष सुरू होताना शिक्षकांच्या हातात काही नावं पडली. ही मुलं यंदा बहरणार, चाचणी तसं सांगते. प्रत्येक वर्गातली साधारण पाचातली एक. चाचणीचा आणि त्या नावांचा काडीचाही संबंध नव्हता. नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. वर्षअखेर पुन्हा चाचणी झाली. पहिलीतल्या इतर मुलांचे गुण सरासरी १२ ने वाढले होते, नाव आलेल्यांचे २७ ने. दुसरीत हाच फरक ७ आणि साडेसोळाचा. तिसरीपासून पुढे मात्र फरक जवळजवळ दिसला नाही.

१९६८ मध्ये यावर पुस्तक निघालं आणि जगभर गाजलं. पण त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद फारशी कुणाच्या तोंडी आली नाही. यादीत नाव नसतानाही काही मुलांनी चांगली प्रगती केली होती. शिक्षकांना ही मुलं विशेष आवडली नाहीत. त्यांच्याबद्दल शिक्षकांनी ‘कमी लोभस’, ‘कमी जुळवून घेणारं’ अशी मतं दिली. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याने वर येणंही जणू शिस्तीत बसत नव्हतं.

या प्रयोगावर टीकाही कडक झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक या चाचणीतज्ज्ञाने दाखवून दिलं, की लहान मुलांचे सुरुवातीचे गुण इतके कमी आले होते, की ती चाचणी त्या वयाला लागू पडते की नाही याचीच शंका यावी. त्यानंतर शेकडो प्रयोग झाले आणि चित्र बरंच स्वच्छ झालं. एक, अपेक्षेचा परिणाम खरा आहे, पण सरासरीने बेताचा. शिक्षकांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो, कारण ते रोज मुलाला बघत असतात. दोन, १९८४ मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. शिक्षकांची मुलांशी ओळख होऊन दोनेक आठवडे उलटले असतील, तर कुणी बाहेरून कानात सांगितलेल्या भाकिताचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे जूनमधले ते पहिले दोन आठवडे! नवा वर्ग, नवी नावं, आणि स्टाफरूममध्ये मागच्या इयत्तेच्या बाई सांगताहेत, ‘‘तो का? त्याच्याकडून काही होणार नाही हं.’’ आणि तीन, ज्या मुलांकडून समाजानेच आधीपासून कमी अपेक्षा ठेवलेली असते, त्यांच्यावर हा परिणाम सरासरीहून मोठा होतो. या तिसऱ्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

दहा सेकंदांची चित्रफीत

पण मुलांपर्यंत हे पोचतं कसं? इस्रायलमधल्या एलिशा बाबाद यांनी शिक्षकांच्या छोट्या चित्रफिती केल्या. प्रत्येक फक्त दहा सेकंदांची. पडद्यावर एकटे शिक्षक दिसतात, विद्यार्थी दिसत नाही. कधी ते एखाद्या मुलाबद्दल बोलत असतात, कधी त्या मुलाशी. प्रेक्षकांनी सांगायचं, की न दिसणारं ते मूल अभ्यासात पुढचं आहे की मागचं, आणि शिक्षकांना ते आवडतं का. चौथीच्या मुलांनीसुद्धा हे ओळखलं. मग त्याच चित्रफिती न्यूझीलंडला गेल्या. तिथल्या प्रेक्षकांना हिब्रूचा गंधही नव्हता. एक शब्द न कळता, दहा सेकंदांत, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांनी तो न दिसणारा विद्यार्थी ओळखला.

बाबाद यांनी शिक्षकांनाही विचारलं होतं, की तुम्ही मायेने कुणाकडे जास्त बघता? शिक्षकांचं म्हणणं, मागे पडलेल्यांकडे. मुलांचं म्हणणं उलट. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. मागे पडलेल्या मुलाशी बोलताना शिक्षक जपून, गोड शब्द निवडतात. ते शब्द त्यांना स्वतःला ऐकू येतात. मुलांना शब्दांच्या मागचा चेहरा दिसतो.

शिक्षक मुलाविषयी काय मानतात, हे तर मुलं ओळखतातच. शिक्षकांना स्वतःविषयी काय वाटतं, हेही त्यांच्यापासून लपत नाही. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या वर्गातल्या मुली गणितात इतरांपेक्षा मागे नव्हत्या. वर्षाच्या शेवटी त्यातल्या बऱ्याच मुलींना वाटू लागलं होतं, की गणित मुलांचं आणि वाचन मुलींचं. आणि असं वाटणाऱ्या मुली गणितात मागे पडल्या होत्या. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही. ‘मला गणिताची भीती वाटते’ असं कुठल्याही बाई वर्गात म्हणाल्या नसतील. फळ्यावर भागाकार मांडताना हात जरा अडला असेल, गणिताचा तास संपल्यावर खांदे सैल पडले असतील. मुलींनी ते टिपलं, कारण मोठेपणी आपण कसं व्हायचं, हे त्या याच बाईंकडे बघून ठरवत होत्या.

जात मोठ्याने वाचली तेव्हा

आता ती मघाची तिसरी गोष्ट, समाजानेच कमी अपेक्षा ठेवलेल्या मुलांची. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. एकूण ६४२ मुलं. निम्मी उच्च मानल्या गेलेल्या जातींतली, निम्मी खालच्या मानल्या गेलेल्या. कुणाची जात कुणी उच्चारली नाही, तेव्हा दोन्ही गटांनी सारखेच चक्रव्यूह सोडवले. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, वडलांचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. बाकी सगळं तेच. खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली.

कुणी शिवी दिली नव्हती, कुणी मारलं नव्हतं. हातातल्या कागदावरून फक्त वाचलं होतं. आपल्या वर्गांतही एक वाक्य कित्येकांनी ऐकलेलं असतं: ‘शिष्यवृत्तीचे अर्ज आलेत, अमुक-अमुक जातीच्या मुलांनी उभं राहा.’ म्हणणाऱ्याच्या लेखी ते कारकुनी काम. उभं राहणाऱ्याच्या लेखी त्यानंतरचा गणिताचा तास वेगळा असतो.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पाटीवर शिकवलं जात होतं ते सगळ्यांना एकच. गोणपाट आणि नळ शिकवत होते ते वेगळं. पण याच आयुष्यात आणखी एक शिक्षक येतात. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना दिसतो. तो त्यांच्या शाळेचाही नव्हता. तरी ते थांबले, विचारपूस केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळण्यामागेही त्यांचाच शब्द होता. बागेतल्या त्या थांबण्याचं मोल १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी पाहिलं.

याहूनही आधीची एक गोष्ट पुण्याची. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय अवघं चौदा, मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. ज्यांना वेद वाचायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कुठला, असा रोकडा सवाल तिने त्यात केला होता. जेमतेम तीन वर्षं शाळेत गेलेली मुलगी हे कुठून शिकली? धड्यात तर नक्कीच नव्हतं. ती ज्या बाईंपुढे बसत होती, त्या शाळेत येताना वाटेत अंगावर चिखल-शेण झेलत आणि तरीही वेळेवर येत. लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून आपल्या जागी उभं राहायचं असतं, हे मुक्ताने रोज सकाळी बघितलं होतं.

अपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितली तर काय होतं, याचाही एक नेटका प्रयोग आहे. अमेरिकेत डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांकडून तपासून घेतले. नेहमीच्या लाल शेऱ्यांसोबत काही वह्यांना एक चिठ्ठी जोडली. तिचा आशय असा, की मी हे शेरे लिहिले कारण माझी तुझ्याकडून अपेक्षा मोठी आहे आणि तू ती पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे. बाकीच्यांच्या चिठ्ठीत फक्त ‘हे माझे शेरे’ एवढंच. निबंध सुधारून आणणं ऐच्छिक होतं. साध्या चिठ्ठीवाल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी तो सुधारून आणला, अपेक्षेच्या चिठ्ठीवाल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी. लाल शाई दोन्हीकडे तेवढीच होती. एका मुलाला तिच्यात नापसंती दिसली, दुसऱ्याला विश्वास.

शाळेचं वळण

इथवर एक शिक्षक आणि एक मूल, एवढंच बघितलं. पण शाळेत पंधरा-वीस शिक्षक असतात आणि शेकडो मुलं. प्रत्येकाचे हे सेकंद एकमेकांत मिसळून काय तयार होतं?

मायकेल रटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने लंडनच्या मध्यवस्तीतल्या १२ माध्यमिक शाळांचा काही वर्षं अभ्यास केला. १९७९ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘पंधरा हजार तास’. पाचव्या वर्षापासून शाळा सुटेपर्यंत मूल साधारण तेवढे तास शाळेत असतं, असा तो हिशेब. या शाळांत येणारी मुलं साधारण सारख्याच वस्त्यांतली. तरी कुठे हजेरी भरपूर, कुठे निम्मे बाक रिकामे. कुठे निकाल चांगले, कुठे पोलिसांपर्यंत जाणारी पोरं जास्त. घरची परिस्थिती जमेला धरूनही फरक उरत होता. इमारत नवी की जुनी, शाळा मोठी की लहान, यावरून तो फरक सांगता येईना.

मग कशावरून? रटरची यादी वाचताना हसू येतं, इतक्या बारीक गोष्टी आहेत. तास वेळेवर सुरू होतो का. शिक्षकांना भेटायचं म्हटलं तर ते सापडतात का. मुलांचं काम भिंतीवर लावलंय का. वर्गात झाडं आहेत का, चित्रं आहेत का. चांगलं केलं तर तिथल्या तिथे कुणी ‘छान’ म्हणतं का. वहीवाटपापासून सभेपर्यंतची कामं मुलांवर सोपवली जातात का. जिथे चापटी-धपाटे चालत, तिथे मुलांचं वागणं जास्त बिघडलेलं. यातली कुठलीही एक गोष्ट शाळा बदलत नव्हती. सगळ्या मिळून शाळेची एक हवा तयार होत होती, आणि ती मुलांपर्यंत पोचत होती.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, वळण. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लागतं आणि शाळेलाही वळण असतं. अक्षराचं वळण जसं एका झटक्यात येत नाही, रोजच्या गिरवण्याने येतं, तसंच हे. गिरवायचा कित्ता मात्र शिक्षकांच्या वागण्याचा असतो, आणि त्याची पहिली ओळ म्हणजे शिक्षक वर्गात असणं. २००३ मध्ये देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन झालेल्या पाहणीत चारांतले एक शिक्षक जागेवर नव्हते. पाहणी झालेल्या राज्यांत महाराष्ट्राचं प्रमाण सर्वांत कमी निघालं, सुमारे १५ टक्के.

वळण वाईटही लागतं, आणि त्याला पुरतो एक बूट. राजकोटच्या हायस्कूलमध्ये तपासणीला जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. मोहनदास गांधींचा ‘केटल’ चुकला. फिरत फिरत शिक्षक जवळ आले आणि बुटाच्या टोकाने त्यांनी खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून लिही. मोहनदासला ती खूण उमगलीच नाही. शिक्षक आपण कॉपी करू नये म्हणून फिरताहेत, असंच तो समजत होता. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर निघाले. हा प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत आहे आणि त्यातलं लक्ष जातं ते मोहनदासच्या सरळपणाकडे. मला त्या बाकीच्या मुलांविषयी कुतूहल वाटतं. त्यांना अशी खूण लगेच कळली असणार. शाळेत शिक्षण कशासाठी चाललंय, शब्द यावा म्हणून की इन्स्पेक्टर खूश व्हावा म्हणून, हे त्यांना बुटाच्या एका टोकाने सांगून टाकलं होतं. आपल्याकडेही जुने गुरुजी हसत हसत सांगतात, की साहेब आले की मुलांना बजावून ठेवायचं, उत्तर येत असेल तर उजवा हात वर करा, येत नसेल तर डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो. मुलांना जे शिकायचं ते ती शिकून घेतात.

आणि चांगलं वळण? १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने शिक्षक म्हणून आले. वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. खोल्या जशा मुलांच्या असतात तशाच: अंथरुणं पसरलेली, कपडे विखुरलेले, कंदिलाच्या काचा काजळलेल्या. यावर नियमांचा फलक लावता आला असता, दंड ठेवता आला असता. साने सर काही बोलले नाहीत. मुलं शाळेत किंवा खेळायला गेली की ते खोल्यांत जात, झाडून काढत, अंथरुणं घडी करून ठेवत, काचा पुसत. पहिले काही दिवस मुलांना मजा वाटली. मग संकोच वाटू लागला. मग सर यायच्या आत खोली आवरायची चढाओढ लागली. १९३० मध्ये सर नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. त्यांनी ओरडून शिस्त लावली असती, तर ती त्यांच्याबरोबरच वसतिगृहाबाहेर पडली असती. अंथरूण स्वतः घडी करणाऱ्या माणसाची नक्कल करायला लागल्यावर मात्र ती सवय मुलांची होते, आणि त्यांच्या मागून आलेल्या मुलांचीही. हे साने सर म्हणजेच पुढचे साने गुरुजी.

जिन्यातल्या खेळाचा शेवट सांगायचा राहिला. थोड्या वेळाने पाळी बदलली. जिला ‘खाली बस’ म्हटलं गेलं होतं, ती आता बाई झाली. ओढणी तिच्या खांद्यावर आली, फ्रेम नाकावर आली. मला वाटलं, आता ही आपल्या वर्गाला जरा मायेने वागवेल. झळ सोसलेली आहे ना. तिने पट्टी आपटली, हजेरी घेतली, मग मघाच्या बाईंकडे बोट केलं. ‘‘तू सांग.’’ ती उठू लागली.

‘‘नाही ना येत? खाली बस.’’

मी मनातल्या मनात मोजत होतो. एक सेकंदही झाला नव्हता.